वीस नंबरची रेषा : खानदेशचे जाडे कापड आणि मँचेस्टरची जकात

१/
फेब्रुवारी १८९६ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने एक कायदा केला. त्यामुळे परदेशातून येणाऱ्या तलम कापडावरील कर कमी झाला आणि जळगावच्या गिरणीत विणलेल्या जाड्याभरड्या कापडावर नवा कर बसला. या विपरीत न्यायाचे मूळ एका साध्या प्रश्नात होते : जकातीसाठी मालाचे वर्ग कसे पाडायचे?

२/
आधी सुताचा ‘नंबर’. एक पौंड वजनाच्या सुतात ८४० यार्ड लांबीच्या जितक्या लडी निघतात, तितका त्याचा नंबर. २० नंबरच्या सुताचा एक पौंड म्हणजे १६,८०० यार्ड धागा; ३० नंबरचा, २५,२०० यार्ड. नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक.

३/
खानदेशची काळी जमीन कापसाची. पण हा कापूस आखूड धाग्याचा. त्यातून बारीक सूत निघणे कठीण. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव कडाडले, रेल्वे आली आणि जळगावची बाजारपेठ वाढली. १८७० च्या दशकात तेथे खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. अशा गिरण्यांचा माल म्हणजे शेतकरी-मजुरांच्या अंगावरचे टिकाऊ, जाडे कापड.

४/
त्या काळी आयात कापडावर ५ टक्के आणि सुतावर साडेतीन टक्के जकात होती. ती महसुलासाठी होती. मात्र मँचेस्टरच्या गिरणीमालकांना तीत हिंदी गिरण्यांना दिलेले संरक्षण दिसत होते. १८७७ मध्ये ब्रिटनच्या कॉमन्स सभेने ही जकात रद्द व्हावी असा ठराव केला.

५/
१८७९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने आपल्या कार्यकारी मंडळातील बहुमत डावलून निर्णय दिला : ज्या कोऱ्या कापडात ३० नंबरपेक्षा बारीक सूत नाही, त्यावर जकात नाही. रेषा कागदावर स्वच्छ होती. पण कापड नुसते पाहून नंबर कळत नाही. त्यासाठी धागे उसवावे, मोजावे आणि तोलावे लागतात.

६/
व्यापाऱ्यांनी रेषा ओळखली. ३० नंबरच्या किंचित आतले सूत वापरून विणलेला माल जकातीवाचून येऊ लागला आणि जवळजवळ तसाच दिसणारा दुसरा माल जकात भरू लागला. हा भेद टिकवणे अशक्य झाले. १८८२ मध्ये कापडावरील जकात पूर्णच उठवण्यात आली.

७/
पुढे रुपयाचा भाव घसरला आणि तिजोरीत तूट आली. मार्च १८९४ मध्ये बहुतेक आयात मालावर ५ टक्के जकात बसली. कापड मात्र वगळले गेले. डिसेंबरमध्ये कापडही जकातीखाली आले, पण एका अटीवर : हिंदी गिरण्यांच्या २० नंबरवरील सुतावरही ५ टक्के उत्पादन कर.

८/
रेषा २० वरच का? सरकारचा युक्तिवाद असा, की हिंदी गिरण्या मुख्यतः त्याखालचे सूत कातत आणि मँचेस्टरचा माल त्याहून बारीक असे. स्पर्धा नाही तेथे कर नको. जळगावसारख्या ठिकाणच्या जाड्या मालाला ही रेषा म्हणजे छत्रच होते.

९/
मँचेस्टरने दोन आक्षेप घेतले. एक, तलम कापड महाग झाले की गिऱ्हाईक जाड्याकडे वळेल. दोन, आयात मालाला संपूर्ण कापडाच्या किमतीवर जकात पडते, हिंदी गिरणीला केवळ सुतावर. दुसऱ्या आक्षेपात हिशेबापुरते तथ्य होते. त्यावर काढलेला उपाय मात्र खानदेशच्या मुळावर आला.

१०/
१८९६ च्या कायद्याने नंबरची रेषाच पुसली. सूत करमुक्त झाले. कापडावर, मग ते जाडे असो वा तलम, आयात असो वा हिंदी गिरणीचे, सरसकट साडेतीन टक्के. हातमाग तेवढा सुटला.

११/
दिसायला ही समानता. परिणाम पाहावा : आयात तलम कापड घेणाऱ्याचा कर ५ वरून ३.५ टक्क्यांवर आला. हिंदी गिरणीचे जाडे कापड घेणाऱ्याचा कर शून्यावरून ३.५ टक्क्यांवर गेला. ज्या कापडाशी मँचेस्टरची स्पर्धा फारशी नव्हती, त्यावरही मँचेस्टरच्या समाधानासाठी कर बसला. त्याच वर्षी महाराष्ट्रात विलायती कापडावर बहिष्काराची हाक उठली; बंगालच्या फाळणीनंतरच्या स्वदेशी चळवळीपूर्वी नऊ वर्षे.

१२/
विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमळनेरला प्रताप मिल उभी राहिली. पुढे धुळ्यातही ‘न्यू प्रताप’ गिरणीचा भोंगा वाजू लागला. या गिरण्यांच्या मागावरून उतरलेले कापडही त्याच कराच्या कक्षेत आले. १९१७ मध्ये युद्धखर्चासाठी आयात जकात साडेसात टक्क्यांवर गेली, तेव्हा उत्पादन कर साडेतीनच राहिला आणि समानतेचे गणित प्रथमच मोडले. डिसेंबर १९२५ मध्ये हा कर स्थगित झाला. १९२६ मध्ये रद्द. जवळपास तीस वर्षे तो चालला.

१३/
आजच्या भारतीय सीमाशुल्क सूचीत कापूस बावन्नाव्या प्रकरणात येतो. तेथे सूत आजही बारीकपणावरून विभागले जाते आणि कापडासाठी दर चौरस मीटरला २०० ग्रॅम ही एक सीमा आहे. अशा सीमा लागतातच. वर्ग पाडल्याशिवाय कर बसवता येत नाही.

१४/
वीस नंबरच्या रेषेचा धडा इतकाच, की वर्गीकरण हे केवळ कारकुनी काम नसते. रेषा कोठे ओढली यावर कोणाच्या खिशातून किती जाणार हे ठरते आणि रेषा पुसल्यानेही ते ठरते. १८९६ मध्ये खानदेशच्या शेतकऱ्याला हे कोणी विचारले नव्हते. किंमत मात्र त्याच्या धोतराच्या भावात मिसळली.