यात्रा आणि फड : भोर-वेल्ह्याच्या मावळखोऱ्यांतून पाहिलेला तमाशाचा इतिहास

तमाशाच्या इतिहासाचे लेखन मराठीत बहुतांशी वाङ्मयाच्या अंगाने झाले आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातील राम जोशी, होनाजी, सगनभाऊ व परशराम यांच्या लावण्या, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उमा-बाबू सावळजकरांच्या 'मोहना-बटाव'पासून रूढ झालेला वग, आणि तदनंतर पठ्ठे बापूराव हा क्रम अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. परंतु ही लावणी व हा वग ज्या संस्थेने गावोगाव पोचविला त्या फडाचे वर्ष, त्याचा व्यवहार आणि त्याचा आश्रयदाता यांचा विचार त्यामानाने थोडा झाला. तमाशाच्या दोन प्रमुख शाखांपैकी संगीत बारी ही प्रायः थिएटरांत व बैठकीत रमली; ढोलकी-फडाचा तमाशा मात्र फिरता राहिला. या फिरत्या फडाचा खरा आश्रयदाता राजा नव्हता, सावकारही नव्हता. वर्गणी काढून यात्रा भरविणारे गाव हाच त्याचा आश्रयदाता होता. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर व वेल्हे या तालुक्यांचे जीवन नजरेसमोर ठेवले असता ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला हा प्रदेश. भोर ही पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी होती व १९४८ साली ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. तर राजगड व तोरणा हे दोन्ही किल्ले वेल्हे तालुक्यात असून, त्या तालुक्यास शासनाने अलीकडे राजगड हे नाव दिले आहे. पाऊस भरपूर, जमीन उताराची, मुख्य पीक भाताचे. दिवाळीच्या सुमारास कापणी व पुढे मळणी आटोपली की खाचरे मोकळी पडतात आणि मृगापर्यंत शेतकऱ्याच्या हातास फारसे काम राहत नाही. त्यामुळे माणसाने एक तर रोजगारासाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी, नाही तर देवकार्ये, लग्ने व यात्रा उरकाव्यात, असा या भागाचा जुना रिवाज. गावोगावच्या यात्रा चैत्र-वैशाखात दाटीने येतात त्याचे कारण जसे धार्मिक आहे तसेच ते शेतीच्या या वेळापत्रकातही आहे.

फडाचे वर्ष याच वेळापत्रकावर बेतलेले आहे. विजयादशमीस फड बाहेर पडतो व बुद्धपौर्णिमेच्या सुमारास परततो. पावसाळ्याचे महिने नव्या वगाची तालीम, कलावंतांची जुळवाजुळव व कर्जाची उभारणी यांत जातात. हंगामाच्या पूर्वार्धात तंबू ठोकून तिकिटावर खेळ करावयाचे आणि उत्तरार्धात यात्रांच्या सुपाऱ्या घ्यावयाच्या, असे त्याचे दोन भाग पडतात. सुपारीच्या खेळाला प्रेक्षकाकडून तिकीट घेतले जात नाही. ठरलेली रक्कम गाव देते. यात्रेच्या रात्री देवाचा छबिना निघतो, पालखी देवळात परतली की गण, गवळण, बतावणी व वग या क्रमाने तमाशा उभा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी 'हजेरी'चा कार्यक्रम होऊन मग कुस्त्या लागतात. अशा रीतीने तमाशा हा यात्रेला जोडलेला केवळ करमणुकीचा भाग नसून तिच्या विधिक्रमातील एक टप्पाच ठरला होता. 'यंदा तमाशा नाही' याचा अर्थ गावात 'यंदा यात्रा नीट झाली नाही' असाच घेतला जाई.

सुपारी देण्यासाठी गावपुढाऱ्यांना जावे लागे ते मुख्यतः जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, जुन्नर तालुक्यातील नारायणगावास. तेथे पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात व यात्रांचे करार होतात. याच नारायणगावाने महाराष्ट्रास एक मोठे तमाशा-घराणे दिले. नारायण खुडे यांच्यापासून सुरू झालेला फड त्यांचे पुत्र भाऊ व बापू यांनी 'भाऊ बापू मांग नारायणगावकर' या नावाने नावारूपास आणला. भाऊंची कन्या विठाबाई यांचा जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला. लहानपणीच त्या बोर्डावर उभ्या राहिल्या आणि पुढे स्वतःच्या नावाने फड चालविणाऱ्या मालकीण झाल्या. १९५७ व १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान लाभला. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात सीमेवरील जवानांसमोर त्यांनी कार्यक्रम केल्याचीही नोंद आहे.

या घराण्याच्या नावात मातंग जातीचा निर्देश उघडपणे येतो, ही बाब इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. फडांतील कलावंत प्रामुख्याने मातंग, महार, कोल्हाटी आदी समाजांतून आले. ज्या देवाच्या यात्रेत त्यांनी रात्र जागवावयाची, त्याच्या देवळाचा उंबरठा त्यांना अनेक ठिकाणी दीर्घकाळ बंद होता. गावाने त्यांच्या कलेला मोल दिले. पंगतीत स्थान दिले नाही. १९४८ साली मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर तमाशा पुन्हा सुरू झाला. बंदीचे समर्थन अश्लीलतेच्या मुद्द्यावर करण्यात आले. परंतु तिचा घाव पडला तो हंगामी मिळकतीवर जगणाऱ्या या कुटुंबांच्या पोटावर.

यात्रेच्या अर्थकारणाचा दुसरा धागा मुंबईत आहे. मावळखोऱ्यांतील माणूस गिरणीत, गोदीत व हमालीत राबला. परंतु त्याने गावाशी असलेले नाते तोडले नाही. यात्रेला तो गावी येई आणि वर्गणीचा मोठा वाटा 'मुंबईकर' मंडळींकडून जमे. लालबागच्या हनुमान थिएटरात जो तमाशा तो पाही, तोच चैत्रात आपल्या खाचरात उभा राहावा, अशी त्याची हौस असे. म्हणून १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाची झळ गिरणगावापुरती मर्यादित राहिली नाही; ज्या गावांची यात्रा मनीऑर्डरीवर उभी होती तेथपर्यंत ती पोचली.

या संदर्भात आयर्लंडमधील 'शोबँड' या संस्थेशी तुलना उद्बोधक ठरते. १९५० च्या दशकात स्ट्रॅबेन येथील 'क्लिपर कार्लटन' या वाद्यवृंदाने खुर्च्या दूर सारून उभ्याने, नकला व विनोदासह गाण्याची पद्धत रुळविली, आणि वॉटरफर्डच्या 'रॉयल शोबँड'ने तिला अफाट लोकप्रियता मिळवून दिली. हे वृंद रोज रात्री नव्या गावी जात व परदेशी लोकप्रिय गाणी आपल्या ढंगाने सादर करीत. ईस्टरपूर्व उपवासाच्या काळात तेथील नृत्यगृहे बंद असत. तेव्हा हे वृंद इंग्लंड-अमेरिकेतील आयरिश मजुरांकडे जात. धर्माने आखलेले वर्ष, खेडोपाडीचा फिरता संच आणि परगावी राबणारा प्रेक्षक ही तिन्ही लक्षणे दोहोंकडे आढळतात. १९७५ साली 'मायामी शोबँड'च्या तीन कलावंतांची कार्यक्रमाहून परतताना हत्या झाली, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंच्या श्रोत्यांना एकत्र आणणारी वाट किती असुरक्षित झाली आहे हे दिसून आले. तथापि भेदही मूलगामी आहे. शोबँडमध्ये गाणे हा तरुणाने निवडलेला व्यवसाय होता. फडात तो पुष्कळदा जन्माने आलेला आणि उचलीच्या रकमेने बांधलेला होता.

दोहोंच्या ऱ्हासाची मीमांसाही एकाच दिशेने जाते. नवी गाणी उचलल्यामुळे शोबँड बुडाले नाहीत. मद्य विकणाऱ्या हॉटेलांनी व डिस्कोंनी नृत्यगृहांचा प्रेक्षक नेला तेव्हा ते मागे पडले. तमाशाच्या बाबतीत चित्रपटगीतांच्या शिरकावाला दोष देण्याची प्रथा आहे. वस्तुतः काळाची चाल उचलणे हा फडाचा मूळ धर्मच होय. खरा बदल झाला तो यात्रेच्या रात्रीत. वर्गणीतून ऑर्केस्ट्रा येऊ लागला, घरोघरी दूरदर्शन आले, रात्रीच्या ध्वनिक्षेपकावर वेळेचे बंधन आले आणि पहाटेपर्यंत चालणारा वग आखडला. भोर-वेल्ह्यात भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर अशा धरणांखाली जमिनी व गावठाणे गेली. ज्या गावाची वस्तीच पांगली त्याची यात्राही पूर्वीची राहत नाही. २०२० व २०२१ साली साथीमुळे यात्रा रद्द झाल्या, तेव्हा संपूर्ण हंगाम बुडून फडमालक कर्जात रुतले. यात्रेवाचून फडाला दुसरा आधार नाही, हे त्या दोन वर्षांनी सिद्ध केले.

नारायणगावकर घराण्याचा वारसा मंगला बनसोडे यांच्यासारख्या कन्यांनी स्वतंत्र फडांच्या रूपाने पुढे चालविला. विठाबाईंचे १५ जानेवारी २००२ रोजी निधन झाले ते हलाखीत; त्यानंतर त्यांच्या नावे शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिवंतपणी आधार नाही व मरणोत्तर गौरव मात्र भरघोस, ही विसंगती एका व्यक्तीची नव्हे. गाव, शहर व शासन यांनी फडाशी जो व्यवहार केला त्याचाच तो सारांश होय. लावणीच्या संहिता ग्रंथालयात सुरक्षित आहेत. परंतु सुपारीचे करार, वर्गणीच्या वह्या, उचलीचे हिशेब व यात्रा-समित्यांची दप्तरे ही गावोगावच्या पेट्यांतून व राहुट्यांतून अद्याप विखुरलेली आहेत. फडाचा इतिहास लिहावयाचा तर तो या कागदांवरून, आणि ज्यांची नावे त्या वह्यांत केवळ रकमेपुढे येतात त्या कलावंतांच्या तोंडून लिहिला गेला पाहिजे.