बावीस श्रुतींची मोजणी : देवलांच्या तारेपासून संगणकापर्यंत

मार्च १९१६ मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. आश्रय सयाजीराव महाराजांचा आणि पुढाकार पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा. आपल्या गावात ही परिषद आठवली जाते ती मुख्यतः भातखंड्यांच्या इंग्रजी निबंधामुळे. पण या परिषदेत लंडनमध्ये बनलेली एक पेटीही आली होती, आणि वादाचा मोठा भाग तिच्याभोवती झाला. एका सप्तकात बारापेक्षा जास्त सूर देणारी ही 'श्रुतिपेटी'. भरतमुनींच्या बावीस श्रुती आम्ही मोजल्या आहेत आणि त्या या पेटीत बसवल्या आहेत, असा तिच्या पाठीराख्यांचा दावा होता. भातखंड्यांना तो मान्य नव्हता.

या वादावर संगीतज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. मी शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता. नोकरीची बरीच वर्षे कारखान्यातली मापक उपकरणे तपासण्यात आणि 'याची चूक किती' हे कागदावर लिहून देण्यात गेली. गाणं मला ऐकण्यापुरतं कळतं. म्हणून या निबंधात मी एकच गोष्ट तपासणार आहे : श्रुती मोजणाऱ्यांनी नेमकं काय मोजलं, कशानं मोजलं आणि त्यातून काय सिद्ध झालं.

तीन गांधार

आधी वाद किती अंतराचा होता ते बघू. षड्ज २४० हर्ट्झवर धरा. तंबोरा चांगला जुळला आणि जवारी नीट लागली, की खर्जाच्या तारेतून एक गांधार आपोआप ऐकू येतो. त्यालाच आपण स्वयंभू गांधार म्हणतो. तो षड्जाशी ५:४ या प्रमाणात असतो. आपल्या मध्य सप्तकात आणला, तर ३०० हर्ट्झ. बाजारात मिळणाऱ्या पेटीचा गांधार साधारण ३०२.४ हर्ट्झ असतो, कारण तिच्यात सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. आणि षड्जापासून पंचम-पंचम असे चार वेळा वर चढत गेलात आणि सप्तक खाली आणलंत, तर गांधार येतो ३०३.७५ हर्ट्झवर.

म्हणजे शुद्ध गांधार म्हणावा असे तीन सूर झाले, आणि सर्वांत खालचा व सर्वांत वरचा यांत अंतर पावणेचार हर्ट्झचं. संगीत मोजणारे लोक यासाठी 'सेंट' हे एकक वापरतात. एका सप्तकाचे १२०० सेंट. इंग्लंडच्या अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ मध्ये निरनिराळ्या देशांच्या स्वरसप्तकांवरील निबंधात ते मांडलं. त्यासाठी त्यांनी अनेक देशांची वाद्ये तपासली, आणि राजा रामपाल सिंग यांनी जुळवलेल्या सतारीचीही मोजणी केली. सेंटच्या हिशेबात आपले तीन गांधार ३८६, ४०० आणि ४०८ वर येतात. पहिल्या आणि शेवटच्यातलं २२ सेंटचं अंतर म्हणजे आपल्या ग्रंथकारांची 'प्रमाणश्रुती', असं आधुनिक अभ्यासक साधारणपणे मानतात.

देवलांची तार, खाँसाहेबांचा गळा

एलिस यांनी वाद्ये मोजली. गळा मोजण्याचं काम आपल्याकडे ज्यांनी मनावर घेतलं, त्यांत कृष्णाजी बल्लाळ देवल यांचं नाव मोठं. सांगलीचे हे गृहस्थ निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये पुण्यात छापलं गेलं. उपकरण अगदी साधं : लाकडी पेटीवर ताणलेली तार, खाली सरकती घोडी आणि शेजारी मोजपट्टी. गायकाने सूर लावायचा, घोडी सरकवत तार त्या सुराशी मिळवायची आणि लांबी वाचायची. सूर लावणारे होते अब्दुल करीम खाँ. हे आपल्या गावाला परके नव्हेत. १८९० च्या दशकात काही वर्षे ते बडोदे दरबारी गायक होते, पुढे मिरजेस स्थायिक झाले.

आज कोणी म्हणेल, तारेवर कसली अचूक मोजणी होणार? जरा हिशेब करू. समजा मोकळी तार ९० सेंटिमीटर आहे आणि ती षड्ज देते. ५:४ चा गांधार ७२ सेंटिमीटरवर येईल. वरचा, ४०८ सेंटवाला गांधार ७१.१ सेंटिमीटरवर. म्हणजे वादातलं अंतर पट्टीवर जवळजवळ ९ मिलिमीटर दिसतं! घोडी ठेवण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तरी फरक पडतो सुमारे अडीच सेंटचा. उपकरण तपासणारा म्हणून सांगतो, या कामाला ही तार पुरेशी होती. सतराव्या शतकात अहोबलाने 'संगीत पारिजात'मध्ये वीणेच्या तारेच्या लांबीवरूनच स्वरस्थाने सांगितली आहेत. देवलांची रीत आपल्या परंपरेला धरूनच होती.

देवलांच्या जोडीला आले अर्नेस्ट क्लेमेंट्स, मुंबई इलाख्यातले आयसीएस न्यायाधीश. भारतीय संगीताच्या अभ्यासावरचं त्यांचं पुस्तक १९१३ चं. दोघांनी फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेमार्फत हे काम पुढे नेलं, आणि लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुतिपेटी तयार होऊन आली. एक डेप्युटी कलेक्टर, एक न्यायाधीश, एक वाद्यकारखाना आणि एक उस्ताद. विद्यापीठाचं खातं यात कुठेच नाही. शास्त्रशाखांच्या भिंती ओलांडून केलेलं संशोधन आपल्याकडे बरंचसं असंच हौशी माणसांनी सुरू केलं आहे.

बडोद्याला हा प्रश्न का आला

परिषद इथे भरली याला पूर्वपीठिका आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये मौलाबक्षांनी इथे गायनशाळा काढली. सूरसागरसमोरची आजची फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स ही तिचीच पुढची पिढी. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी केली. त्यांचे चिरंजीव अलाउद्दीन खाँ पाश्चात्त्य संगीत शिकायला लंडनला गेले, आणि नातू इनायत खाँ १९१० मध्ये अमेरिकेला. सूर कागदावर उतरवावा, दुसऱ्या देशाच्या संगीताशी ताडून बघावा, ही सवय या गावाला परिषदेच्या तीस वर्षे आधीपासून होती.

अशा ठिकाणी श्रुतिपेटी आली. भातखंड्यांची भूमिका व्यवहारी होती. रागांची वर्गवारी त्यांनी बारा स्वरांवर आणि दहा थाटांवर उभी केली होती. प्राचीन ग्रंथांतल्या श्रुतींना आज नक्की आकडे लावता येतात, हे त्यांना पटत नव्हतं. गायकांचा प्रत्यक्ष व्यवहार त्यांना जास्त विश्वसनीय वाटत होता.

मला यात मोजमापाच्या दृष्टीने एक अडचण दिसते. देवलांच्या पद्धतीत गायक सूर धरून ठेवतो. घोडी जागेवर येईपर्यंत तो हलत नाही. मैफलीत मात्र गांधार असा उभा राहतो कुठे? तो ऋषभावरून येतो, मध्यमाला स्पर्श करतो, परत फिरतो. थांबवलेल्या सुराची लांबी अचूक वाचता आली, तरी चालत्या सुराबद्दल ती फारसं सांगत नाही. शिवाय ५:४ हे प्रमाण मोजणाऱ्याला आधीच ठाऊक होतं. उत्तर माहीत असलेला माणूस घोडी सरकवताना त्या उत्तरापाशी थांबतो, मनात खोट नसली तरी. आमच्या धंद्यात म्हणूनच तपासणाऱ्याला आधीचं वाचन दाखवत नाहीत.

रामन यांचा तंबोरा आणि रेडिओवरची बंदी

परिषदेनंतर पाचच वर्षांनी, १९२१ मध्ये, कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांवर निबंध प्रसिद्ध केला. रुंद, किंचित वक्र घोडीमुळे या वाद्यांत उपस्वर इतके समृद्ध का होतात, हा त्याचा विषय. युरोपीय तंतुवाद्यांवर बसवलेला नियम सांगतो, की तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू असेल, तो उपस्वर निघणार नाही. आपल्या वाद्यांत तो निघतो, हे रामन यांनी दाखवलं. स्वयंभू गांधाराला यामुळे भौतिकशास्त्राचा आधार मिळाला. तो ऐकणाऱ्याची कल्पना नसून तारेतच असतो.

पेटीचं भांडण मात्र वेगळ्याच वळणावर गेलं. रेडिओवरचे पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फाउल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लिहिलं, आणि १९४० मध्ये आकाशवाणीने पेटी बंद केली. ही बंदी जवळपास तीन दशके चालली. तोपर्यंत घरोघरी, कीर्तनात आणि नाटकात पेटी रुजली होती. ज्या पेटीवादकांनी तिच्यावर आयुष्य घातलं होतं, त्यांना रेडिओचं दार बंद झालं. श्रुतीचा प्रश्न पंडितांपुरता राहिला नाही, माणसांच्या पोटापर्यंत गेला.

इलेक्ट्रॉनिक्स आलं

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने ध्वनीचं चित्र काढणारं यंत्र केलं. टेलिफोन आणि बोलणं यांच्या अभ्यासातून ते आलं. पुढे केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी त्या पद्धतीने चॅफिंच नावाच्या पक्ष्याचं गाणं तपासलं. जन्मापासून एकटं वाढवलेलं पाखरू अपुरं, साधं गाणं गातं. पुरं गाणं येण्यासाठी त्याला थोरांचं ऐकावं लागतं, हे त्या चित्रांतून दिसलं. जवळपास त्याच काळात अमेरिकेत चार्ल्स सीगर यांनी स्वराची वाटचाल कागदावर रेखणारं मेलोग्राफ हे यंत्र बनवलं. टेलिफोन, पक्षी आणि गवई, तिघांना आता एकाच जातीचं उपकरण लागत होतं.

हिंदुस्थानी संगीतासाठी महत्त्वाची मोजणी १९६३ मध्ये नाझीर जैराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी प्रसिद्ध केली. नामवंत कलाकारांची ध्वनिमुद्रणं घेऊन त्यांनी गांधार मोजले. निष्कर्ष असा, की कलाकाराकलाकारांत फरक आहेच, पण एकाच कलाकाराचा गांधारही एका बैठकीत जागा बदलतो. बावीस ठरीव घरं काही सापडली नाहीत.

इथे अभियंता म्हणून एक मुद्दा जोडतो. तानेत एका सेकंदात आठ स्वर असतील, तर एका स्वराला मिळतो सेकंदाचा आठवा भाग. साध्या वर्णपट पद्धतीने इतक्या वेळात सुमारे ८ हर्ट्झपर्यंतचाच भेद स्पष्ट दिसतो. तीनशे हर्ट्झजवळ हे झाले ४५ सेंट, म्हणजे प्रमाणश्रुतीच्या दुप्पट. चांगल्या गणिताने हा आकडा खाली आणता येतो, पण तेव्हा स्वर तेवढा वेळ स्थिर होता असं गृहीत धरावं लागतं. नेमकं तेच आपल्या गाण्यात घडत नाही.

१९८० च्या सुमारास मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएमध्ये, हा प्रश्न पुन्हा हातात घेतला गेला. फ्रान्सचे बर्नार्ड बेल, हॉलंडचे विम व्हान डर मीर आणि त्यांचे सहकारी जेम्स आर्नॉल्ड ही मंडळी यात होती. बेल यांनी इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी बनवली. श्रुती हव्या तशा अगदी बारीक फरकाने लावून ऐकता याव्यात, हा हेतू. म्हणजे देवल-क्लेमेंट्स यांचाच प्रयोग, दुरुस्त साधनांनी! पण त्या सोबत त्यांनी सुराच्या हालचालीचा आलेख काढणारं यंत्रही केलं. आलेखावर दरबारीचा कोमल गांधार बघा. तिथे सरळ रेषा नसते, वर-खाली होणारी लाट असते. तिला एक आकडा द्यायचा तर कुठल्या बिंदूचा? व्हान डर मीर आणि सुवर्णलता राव यांनी पुढे श्रुतीच्या कल्पनेची जी चिकित्सा केली, तिचा रोखही ठरीव आकड्यांच्या विरुद्धच आहे.

हिशेब

मग १९१६ चा निकाल काय लावायचा? माझं मत असं. देवलांची तार खरी होती. त्यांनी मोजलेले गांधार त्या गळ्याचे, त्या क्षणाचे, थांबवलेल्या सुराचे होते. तेवढ्यापुरते ते आजही वापरावेत. त्यावरून सर्व रागांना लागू होणारी बावीस घरं पेटीत कायमची ठोकणं, ही पायरी मोजमापाच्या बाहेरची होती. भातखंड्यांचा संशय इलेक्ट्रॉनिक्सने पुष्कळसा खरा ठरवला, पण 'गायक जो सूर लावतात तो पेटीचा नाही' हा देवलांचा मूळ आग्रहही त्याच आलेखांनी खरा ठरवला. आणि एक गोष्ट नोंदवून ठेवावीशी वाटते. पुस्तकावर लेखक म्हणून देवलांचं नाव आहे, क्लेमेंट्सचं आहे. ज्यांच्या गळ्यातून आकडे निघाले ते अब्दुल करीम खाँ संशोधक म्हणून कुठल्याच मुखपृष्ठावर नाहीत.

हे सगळं आज का सांगायचं? आता क्लासातली मुलं फोनवरच्या ट्यूनरकडे बघून सूर लावतात. हिरवा दिवा लागला की सूर बरोबर. तो दिवा बहुधा ४०० सेंटच्या गांधाराला लागतो. तंबोऱ्याशी मिळालेला ३८६ चा गांधार लावणाऱ्या मुलीला यंत्र 'कमी' म्हणतं, आणि ती बिचारी वर चढवते. शिक्षकांनी एकदा तंबोरा आणि ट्यूनर शेजारी ठेवून हा फरक ऐकवावा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि एक विनंती. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांत परिषदेची पत्रं, आमंत्रणं, छायाचित्रं किंवा जादा सुरांची एखादी पेटी असेल, तर मोडीत काढण्याआधी मंडळाला दाखवा. पेटीचा भाता फाटलेला असला तरी चालेल. सुरांच्या पट्ट्या शाबूत असतील, तर त्या पेटीने गांधार कुठे ठेवला होता, हे आपल्याला मोजता येईल.