डागाळलेले दात आणि गावचे पाणी



‘दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. वय झाले की दात जायचेच, केस पिकायचे तसे दात पडायचे, हे आपण त्यात धरूनच चालतो. दाढ ठणकू लागली तर लवंग धरायची, कोणी भुईरिंगणीच्या बियांची धुरी घ्यायची, आणि अगदीच सोसवेना झाले म्हणजे दाढ उपटून टाकायची. रोज दात घासावेत हे आपल्या वैद्यांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. चरक आणि सुश्रुत या दोघांच्याही संहितांत दंतकाष्ठाचा विधी आहे. परंतु एका गावच्या पोरांचे दात धड आणि शेजारच्या गावच्या पोरांचे दात बिघडलेले, असे का व्हावे, हा प्रश्न कोणी नीट धरून बसले नव्हते. तो धरून बसलेल्या एका डॉक्टराची हकिगत आज सांगायची आहे. ती सुरू होते अमेरिकेत. पण तिचा शेवटचा भाग आपल्या हापशापर्यंत येऊन पोचतो.

१९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा एक तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज या डोंगराळ भागातल्या गावी धंदा करायला गेला. तिथे त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. गावात जन्मलेल्या माणसांच्या दातांवर तपकिरी डाग होते. काहींचे दात तर चॉकलेटच्या रंगाचे झालेले. पुस्तकांत पाहिले, तर कुठे उल्लेख नाही. गावकऱ्यांना विचारले, तर कोणी म्हणे डुकराचे मांस जास्त खाल्ल्याने असे होते, कोणी दुधाला दोष देई, कोणी पाण्याला. आपल्याकडे पारावर जशी चर्चा चालते तशीच ती होती.

मॅकेने पोरांचे दात मोजायला घेतले. तिथेच जन्मलेल्या मुलांपैकी दहांत जवळजवळ नऊ जणांच्या दातांवर डाग निघाले. १९०९ साली ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक हे त्या काळचे दंतविद्येतले मोठे पंडित त्याच्या मदतीला आले, आणि १९१५ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी हे काम सोडले नाही. दोघांना दोन गोष्टी आढळल्या. पहिली अशी, की दात हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे लहानपणीच, हा डाग पडतो. मोठेपणी त्या गावात राहायला आलेल्या माणसाचे दात डागाळत नाहीत. दुसरी गोष्ट मात्र दोघांना चकित करणारी होती. दिसायला वाईट असलेल्या या दातांना कीड फारशी लागत नव्हती!

पुढे १९२३ साली मॅके आयडाहो प्रांतातल्या ओकली या लहानशा गावी गेला. तिथल्या आईबापांनी त्याला आपण होऊन सांगितले, की गावाने पाच मैलांवरच्या एका कोमट झऱ्यावरून नळ आणला, आणि त्यानंतर मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले. मॅकेने पाणी तपासले, पण त्यात काही सापडेना. तरीसुद्धा आईबापांचे निरीक्षण त्याने खरे मानले. तो नळ सोडून जवळच्या दुसऱ्या झऱ्याचे पाणी प्या, असा सल्ला त्याने दिला. गावाने तो ऐकला. थोड्याच वर्षांत तिथल्या लहान मुलांचे नवे दात स्वच्छ येऊ लागले.

पाण्यात काय होते हे कळायला १९३१ साल उजाडावे लागले. आर्कान्सा प्रांतात बॉक्साइट नावाचे एक गाव होते, तिथे ॲल्युमिनियमच्या कंपनीची वसाहत होती. तिथल्या मुलांचे दात डागाळलेले, आणि पाच मैलांवरच्या दुसऱ्या गावातल्या मुलांचे स्वच्छ! कंपनीचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ चर्चिल यांच्या कानावर हे गेले. ॲल्युमिनियमची भांडी विषारी असतात असा बोभाटा त्या वेळी चालूच होता. हा आळही भांड्यांवर येईल अशी त्यांना धास्ती वाटली. म्हणून त्यांनी त्या पाण्याची अगदी बारीक तपासणी करवली. एका लिटरमागे १३.७ मिलिग्रॅम फ्लोराईड निघाले. फ्लोराईड हा खडकात असणारा एक क्षार आहे. खडकातून पाझरणाऱ्या पाण्यात तो उतरतो. त्याला ना रंग, ना वास, ना चव.

पुढचे काम सरकारी दंतवैद्य ट्रेंडली डीन यांनी केले. गावोगावचे पाणी आणि तिथल्या मुलांचे दात ताडून पाहून त्यांनी ठरवले, की लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड असेल तर दात विद्रूप होत नाहीत, उलट कीड कमी लागते. त्यावरून २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन प्रांतातल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या नळाच्या पाण्यात मोजून फ्लोराईड घालण्यास सुरुवात झाली. अकरा वर्षांनी पाहिले, तर त्यानंतर जन्मलेल्या मुलांत दात किडण्याचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. दात किडणे हे नशिबाचे लेणे नाही, ते टाळता येते, याचा इतका ढळढळीत पुरावा त्याआधी कोणाला मिळाला नव्हता.

आता आपल्याकडे वळू. १९३७ साली शॉर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी त्या वेळच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्याची हकिगत प्रसिद्ध केली. तिथल्या गावांत दात तर डागाळलेले होतेच, पण वय वाढेल तशी माणसांची पाठ ताठर होत होती, सांधे आखडत होते. कारण तेच, पाण्यातले फ्लोराईड. अमेरिकेत जे थोड्या प्रमाणात औषध ठरले, तेच इथे जास्त प्रमाणात अपंगत्व आणत होते. मीठ बेताचे पडले तर आमटीला चव येते. मूठभर पडले तर ती ओतून द्यावी लागते. तसेच हे आहे.

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर खणले गेले, हापसे बसले. त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. नारूसारखा रोग हटवायला त्यांची मोठी मदत झाली. परंतु जमिनीत खोलवर मुरलेल्या पाण्यात काही ठिकाणी फ्लोराईड जास्त असते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत ते आढळले आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालते. दुसरी सोय नसेल तर दीडपर्यंत, त्यापुढे नाही, असे आपल्या देशाचे मानक सांगते. आपल्या उन्हात माणूस पाणीही जास्त पितो, हे लक्षात ठेवले पाहिजे.

पाणी उकळून फ्लोराईड जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने १९७० नंतरच्या दशकात एक पद्धत काढली. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर पाण्यात घालून गाळ खाली बसू द्यायचा, की फ्लोराईड त्या गाळाबरोबर निघते. नालगोंडा जिल्ह्याच्या नावाने ती ओळखली जाते. मात्र तिचे प्रमाण पाणी तपासूनच ठरवावे लागते. अंदाजाने मुठी टाकून चालत नाही. जवळपास चांगली विहीर असेल, किंवा पावसाचे पाणी साठवता येत असेल, तर ओकलीच्या लोकांप्रमाणे पाणीच बदलणे सर्वांत सोपे.

जिथे पाणी ठीक आहे तिथे दातांचा शत्रू दुसरा. धुरी घेऊन ज्या किड्याला आपण पळवू पाहतो, तो किडा मुळात नसतोच. तोंडातले सूक्ष्म जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दाताचे चकचकीत कवच झिजवते. तोंडातली लाळ ही झीज भरून काढीत असते, आणि थोडे फ्लोराईड असेल तर ती चांगली भरते. म्हणून फ्लोराईडची पेस्ट लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांच्या उपयोगाची आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. ती गिळू द्यायची नाही. ज्या गावच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे, तिथे लहानांसाठी डॉक्टरांना आधी विचारावे. बाळाला गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. शाळकरी मुलाला गोळ्या-बिस्किटे द्यायचीच तर जेवणाबरोबर द्यावीत. दिवसभर चघळायला देऊ नयेत. रात्री निजण्यापूर्वीचे दात घासणे कोणीही चुकवू नये. हिरड्या खाली सरकल्यावर दातांची मुळे उघडी पडतात आणि तिथेही कीड लागते, म्हणून म्हाताऱ्यांनी तर मुळीच चुकवू नये. आणि मायबहिणींनो, मशेरी सोडा. तिने दात स्वच्छ होत नाहीत. ती तंबाखूच आहे, आणि तंबाखू तोंडाच्या कर्करोगाला बोलावते.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. पाठ ताठर होण्याच्या पुष्कळ वर्षे आधी मुलांच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग दिसतात, आणि ते सर्वांत आधी तुम्हालाच दिसू शकतात. एक दिवस सात-आठ वर्षांपुढच्या मुलांना उजेडात उभे करा. ज्यांचे दात डागाळलेले आहेत त्यांची नावे लिहा, आणि नावापुढे घरी पिण्याचे पाणी कुठून येते ते लिहा. बरीच नावे एकाच हापशापाशी येत असतील, तर ती यादी ग्रामपंचायतीकडे आणि आरोग्यकेंद्राकडे द्या, आणि त्या पाण्याची तपासणी मागून घ्या. ज्यांचे दात आधीच डागाळले त्यांचे डाग पाणी बदलून जाणार नाहीत. पण त्यांची पाठची भावंडे अजून अंगणात खेळत आहेत. त्यांचे पक्के दात यायचे आहेत.