हेडस्पेस, रायफलचा
काडतूस नळीच्या कोठीत पूर्ण बसल्यावर त्याला पुढे सरकू न देणारा कोठीचा टेका आणि बंद झालेल्या बोल्टचा पुढील पृष्ठभाग यांच्यातील अंतरास ‘हेडस्पेस’ म्हणतात. हे अंतर रायफल व काडतूस या दोन वेगवेगळ्या कारखान्यांत तयार होणाऱ्या वस्तूंना जोडणारे माप आहे. बोल्ट, बोल्टचे शीर्ष किंवा नळी यांपैकी एखादा भाग बदलल्यास ते पुन्हा तपासणे अनिवार्य ठरते.

बार उडताच वायूच्या दाबाने पितळी पुंगळी फुगून कोठीच्या भिंतीस घट्ट चिकटते व वायू मागे येऊ देत नाही. तिचा जाड तळ मात्र बोल्टला टेकेपर्यंत मागे ढकलला जातो. अंतर प्रमाणापेक्षा अधिक असल्यास पुंगळी तळाजवळ ताणली जाऊन फाटते आणि तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने येऊ शकतो. अंतर फार कमी असल्यास बोल्ट पूर्ण मिटत नाही.

भारतात हा प्रश्न मुख्यतः ली-एन्‌फील्ड रायफलीच्या संदर्भात उद्‌भवला. ही रायफल ब्रिटिश सैन्याने १८९५ मध्ये स्वीकारली. बंगालमधील इशापूर येथे १९०४ मध्ये स्थापन झालेल्या रायफल कारखान्यात पुढे तिच्या सुधारित आवृत्त्यांचे उत्पादन झाले. तिच्या .३०३ काडतुसाच्या तळाला बाहेर आलेली कड असते व ती नळीच्या मागील तोंडावर टेकते. त्यामुळे नळीचे मागील तोंड व बोल्ट यांतील अंतर मोजावे लागते. त्याची रूढ लष्करी मर्यादा ०.०६४ ते ०.०७४ इंच (सु. १.६३ ते १.८८ मिमी.), म्हणजे सारा खेळ पाव मिलिमीटरचा असतो. या रायफलीच्या बोल्टला अडविणारे खिटे मागील बाजूस असल्याने बाराच्या वेळी बोल्ट किंचित दबतो आणि दीर्घ वापराने अंतर वाढत जाते.

तपासणीसाठी दोन पोलादी गेज वापरतात. रिकाम्या व स्वच्छ केलेल्या रायफलीचा बोल्ट लघुतम गेजवर बोटाच्या हलक्या दाबाने मिटला पाहिजे. महत्तम गेजवर तो पूर्ण मिटता कामा नये. जोर लावल्यास तपासणीच निरर्थक ठरते. नमुना क्र. ४ च्या रायफलीत हे अंतर जुळविण्यासाठी ० ते ३ अशा क्रमांकांची चढत्या लांबीची बोल्टशीर्षे असत. इशापूरच्या जुन्या नमुन्यास ही सोय नव्हती. कारागीर निरनिराळी शीर्षे लावून योग्य ते निवडी. शिवाय बोल्टचे दोन्ही खिटे आपापल्या टेक्यांवर सारखेच टेकणे आवश्यक असते. म्हणूनच बोल्टवर रायफलीचा क्रमांक कोरण्याची प्रथा पडली. एका रायफलीचा बोल्ट दुसरीस सहज बसला, तरी तो सुरक्षित असतोच असे नाही.

या व्यवस्थेची दुसरी बाजू पितळाची. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे १९५३ मध्ये आयुध निर्माणी सुरू झाली. उल्हास नदीच्या खोऱ्यातील या पट्ट्याचा लष्कराशी संबंध त्याआधीचा. शेजारचे उल्हासनगर दुसऱ्या महायुद्धातील कल्याण छावणीच्या जागी वसले व १९४९ मध्ये त्याला हे नाव मिळाले. अंबरनाथच्या निर्माणीचा भर पितळासारख्या अलोह मिश्रधातूंच्या कामावर राहिला. लहान शस्त्रांची काडतुसे महाराष्ट्रात खडकी (१८६९) व वरणगाव (१९६४) येथील निर्माणींत तयार होत आली. पितळाची लवचिकता व पुंगळीची जाडी काटेकोर असल्यासच गेजच्या मर्यादेला अर्थ उरतो.

१९६० च्या दशकात इशापूरने ७.६२ मिमी. काडतुसासाठी त्याच घडणीची ‘२ए’ रायफल अधिक बळकट पोलादात तयार केली. हे काडतूस कडेवर नव्हे, तर पुंगळीच्या खांद्यावर टेकते, त्यामुळे.३०३ चे गेज तिला लागू पडत नाहीत. जुन्या .३०३ रायफली पोलिसांकडे मात्र दीर्घकाळ राहिल्या. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील हल्ल्याच्या वेळीही काही पोलिसांच्या हाती त्याच होत्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी त्या २०२० मध्ये सेवेतून काढल्या. शस्त्र जितके जुने व त्याचे भाग जितके बदललेले, तितकी ही तपासणी अधिक निकडीची होते.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणींची सात सरकारी कंपन्यांत विभागणी झाली. त्यानुसार अंबरनाथची निर्माणी, खडकी व वरणगावच्या निर्माणी आणि इशापूरचा रायफल कारखाना वेगवेगळ्या कंपन्यांत गेले. पितळ, काडतूस व रायफल यांना एकत्र बांधणारे सूत्र मात्र पूर्वीप्रमाणेच गेजवरील माप हेच आहे.