जिरकाटांगच्या पुढे: अंदमान ट्रंक रोडचा इतिहास

अंदमानच्या सहलीचा कार्यक्रम आखताना महाराष्ट्रातील पर्यटक सेल्युलर जेल, रॉस, हॅवलॉक आणि नील यांसाठी दिवस राखून ठेवतो आणि मग बहुधा एक दिवस बाराटांगला देतो. या दिवशी पहाटे तीनच्या सुमारास गाडी काढावी लागते, अंधारातच जिरकाटांगचा तपासणी नाका गाठावा लागतो, तेथून पोलिसांच्या बंदोबस्तात निघणाऱ्या गाड्यांच्या ताफ्यातून घनदाट अरण्य ओलांडावे लागते आणि खाडीपलीकडच्या चुनखडीच्या गुहा व चिखलाचा ज्वालामुखी पाहून त्याच वाटेने संध्याकाळी परतावे लागते. ही गाडी ज्या रस्त्याने जाते तो अंदमान ट्रंक रोड, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ होय. दक्षिणेकडील पोर्ट ब्लेअरपासून (२०२४ पासून श्री विजयपुरम) उत्तरेकडील दिगलीपूरपर्यंत तीनशे किलोमीटरांहून अधिक पसरलेल्या या रस्त्याचा इतिहास पाहिला, तर या एका दिवसाकडे निव्वळ मौजेचा दिवस म्हणून पाहता येत नाही.

या बेटांची रचना अशी आहे की रस्ता ही तेथील स्वाभाविक गरज कधीच नव्हती. ज्याला ‘मोठे अंदमान’ म्हणतात तो भूभाग वस्तुतः उत्तर अंदमान, मध्य अंदमान, बाराटांग, दक्षिण अंदमान आणि रटलंड अशा एकामागे एक लागलेल्या बेटांचा आहे, आणि त्यांपैकी पहिल्या चार बेटांना अनुक्रमे ऑस्टिन, होमफ्रे व मिडल स्ट्रेट या अरुंद सामुद्रधुन्या, म्हणजे दोन भूभागांमधील समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्या, एकमेकांपासून वेगळे करतात. बेटे लांबट व निमुळती असल्यामुळे कोणतीही वस्ती समुद्रापासून फार दूर पडत नाही, आणि खाड्या कांदळवनांतून इतक्या आतवर शिरतात की होडी हेच तेथील पहिले व पुरेसे वाहन होते. बॉम्बे मरीन या ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातील अधिकारी आर्चिबाल्ड ब्लेअर याने १७८९ मध्ये चॅथम बेटावर पहिली वसाहत वसवली, ती १७९२ मध्ये उत्तर अंदमानच्या ईशान्य किनाऱ्यावर हलवण्यात आली आणि रोगराईमुळे १७९६ मध्ये सोडून देण्यात आली. हे सर्व स्थलांतर समुद्रमार्गेच झाले. मार्च १८५८ मध्ये डॉ. जे. पी. वॉकर याने दोनशे बंदिवानांसह कायमची वसाहत सुरू केली तेव्हाही तिचे मुख्यालय रॉस या चिमुकल्या बेटावर होते. बंदिवानांकडून जंगल तोडून घेऊन जे रस्ते झाले ते पोर्ट ब्लेअरच्या बंदराभोवतीचे होते. १९११ मध्ये विनायक दामोदर सावरकर सेल्युलर जेलमध्ये आणले गेले, त्या काळात दक्षिणेकडून उत्तरेला रस्त्याने जाण्याची कल्पनाही नव्हती.

रस्त्याची कथा कळण्यासाठी आधी या बेटांवरील मूळ रहिवाशांचे काय झाले हे पाहणे भाग आहे. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत पसरलेल्या दहा जमातींना मिळून ‘ग्रेट अंदमानी’ म्हणतात. १८५८ च्या सुमारास त्यांची संख्या पाच हजारांच्या आसपास असावी असा अंदाज केला जातो. वसाहतवाल्यांनी त्यांच्याशी प्रथम लढाई केली आणि नंतर ‘अंदमान होम्स’ नावाच्या निवाऱ्यांत आणून त्यांना ‘सुधारण्याचा’ प्रयत्न केला. या निवाऱ्यांतून संसर्गजन्य रोग पसरले आणि १८७७ च्या गोवराच्या साथीने तर फार मोठा संहार केला. १९०१ च्या जनगणनेत त्यांची संख्या ६२५ भरली, १९३१ मध्ये ती ९० झाली आणि १९६१ मध्ये अवघी १९ उरली. मैत्रीचा हात स्वीकारणाऱ्यांच्या वाट्याला हे आले. दक्षिण आणि मध्य अंदमानच्या जंगलात राहणारे जारवा, जे स्वतःला ‘आंग’ म्हणवतात, त्यांनी मात्र बाहेरच्यांना बाणांनी अडवून धरले आणि ब्रिटिशांच्या शिक्षा-मोहिमा सोसूनही पश्चिमेकडील अरण्यात आपले स्वतंत्र जीवन टिकवले. ग्रेट अंदमानींचा ऱ्हास आणि जारवांची टिकाव धरण्याची क्षमता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्यास जारवांच्या शत्रुत्वाला रानटीपणा म्हणणे शक्य होत नाही. ते शत्रुत्व हेच त्यांचे संरक्षण होते.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. १९४९ पासून पूर्व बंगालमधील निर्वासित कुटुंबांना या बेटांवर जमिनी देण्यात आल्या आणि पुढच्या काळात रंगत, कदमतला, मायाबंदर, दिगलीपूर या भागांत जंगल साफ करून भातशेतीची गावे वसली. वनखाते तर १८८३ पासूनच कार्यरत होते, आणि पडाऊक व गर्जन या वृक्षांच्या लाकडासाठी अधिकाधिक उत्तरेकडे सरकत होते. याच काळात सरकारने संरक्षणाचीही तरतूद केली. १९५६ मध्ये आदिम जमातींच्या संरक्षणाचा विनियम, म्हणजे केंद्रशासित प्रदेशासाठी कायद्याच्या तोलाचा नियम, करण्यात आला आणि १९५७ मध्ये जारवांचे राखीव क्षेत्र जाहीर झाले. परवानगीविना कोणीही या क्षेत्रात जाऊ नये असा कायदा एका हाताने करायचा आणि त्याच क्षेत्रातून महामार्ग काढण्याचे काम दुसऱ्या हाताने हाती घ्यायचे, ही विसंगती या रस्त्याच्या मुळाशीच आहे.

रस्त्याचे बांधकाम १९७० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले. नव्या वसाहतींना राजधानीशी जोडणे हा त्याचा सांगितलेला हेतू होता आणि तो खोटा नव्हता, कारण खवळलेल्या पावसाळी समुद्रात बोटी बंद पडल्या की उत्तरेकडील गावे एकटी पडत. परंतु आखणी करताना रस्ता राखीव क्षेत्राच्या आतून आणि त्याच्या पूर्व सीमेला लागून नेण्यात आला. जारवांनी त्याला प्रतिकार केला. झाडे आडवी पाडून वाट अडवली, छावण्यांवर हल्ले केले आणि मजूर व बंदोबस्तावरचे पोलीस यांपैकी काही जण त्यांच्या बाणांनी मारले गेले. या मजुरांतील बहुतेक जण दूरच्या मुलुखातून पोटासाठी आलेले गरीब लोक होते आणि त्यांच्या मरणाचा विसर पडणे योग्य नाही, पण त्यांना त्या अरण्यात पाठवण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. १९७६ मध्ये काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस रस्ता वाहतुकीला खुला झाला. दरम्यान १९७४ पासून प्रशासनाचे ‘संपर्क पथक’ बोटीने पश्चिम किनाऱ्यावर जाऊन नारळ, केळी व लाल कापड भेट देऊ लागले होते. अशा रीतीने एका बाजूने जंगल चिरत जाणारा रस्ता आणि दुसऱ्या बाजूने समुद्रातून येणाऱ्या भेटी यांच्यामध्ये जारवा सापडले.

१९९६ मध्ये पाय मोडलेला एक किशोरवयीन जारवा मुलगा वस्तीजवळ सापडला, त्याला पोर्ट ब्लेअरच्या रुग्णालयात नेण्यात आले आणि काही महिन्यांच्या उपचारांनंतर जंगलात परत सोडण्यात आले. ऑक्टोबर १९९७ मध्ये जारवांचे गट प्रथमच दिवसाढवळ्या, शस्त्रांविना, मध्य अंदमानातील वस्त्यांजवळ येऊ लागले. याची कारणे अभ्यासकांनी वेगवेगळी सांगितली आहेत. परिणाम मात्र निर्विवाद होता, कारण बाणांची भीती सरताच रस्त्यावरची वर्दळ निर्धास्त झाली, गाड्या थांबवून बिस्किटे व तंबाखू देणे सुरू झाले आणि १९९९ मध्ये जारवांमध्ये गोवराची साथ आली. १८७७ चा अनुभव ज्यांच्या दप्तरात नोंदलेला होता त्यांना हा धोका अनपेक्षित म्हणता येणार नव्हता. या वेळी वैद्यकीय मदत पोहोचली आणि तसा संहार टळला, हे तेथील डॉक्टरांचे श्रेय आहे.

येथून हा प्रश्न न्यायालयात गेला आणि त्यात महाराष्ट्राचा थेट संबंध आला. पोर्ट ब्लेअरची ‘सोसायटी फॉर अंदमान अँड निकोबार इकॉलॉजी’, पुण्यात कार्यालय असलेली ‘कल्पवृक्ष’ आणि मुंबईची ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ या तीन संस्थांनी बेटांवरील जंगलतोडीविरुद्ध दाद मागितली. पुण्याचे अभ्यासक पंकज सेखसरिया यांनी या विषयावर वर्षानुवर्षे लिहिले आणि पुढे ‘द लास्ट वेव्ह’ या कादंबरीतही हीच बेटे आणली. सर्वोच्च न्यायालयाने शेखर सिंग यांचा आयोग नेमला आणि त्याचा अहवाल हाती आल्यावर ७ मे २००२ रोजी आदेश दिला. आदिवासींच्या राखीव क्षेत्रांतील वृक्षतोड थांबवावी, किनाऱ्यावरील वाळूउपसा टप्प्याटप्प्याने कमी करावा, आणि ट्रंक रोडचा जो भाग जारवांच्या क्षेत्रातून जातो तो बंद करावा, असे त्यात सांगितले होते. प्रशासनाने आदेशात बदल मागितला आणि रस्ता चालूच राहिला. २००४ मध्ये जारवांविषयीचे धोरण जाहीर झाले, ज्यात त्यांना मुख्य प्रवाहात ओढण्याची घाई न करता त्यांच्या इच्छेनुसार राहू देण्याचे तत्त्व मान्य करण्यात आले, आणि राखीव क्षेत्रही वाढवून १०२८ चौरस किलोमीटर करण्यात आले. कागदावरील हे धोरण उदार व विचारी आहे. रस्त्याविषयी मात्र त्या कागदाचे बळ अपुरे पडले.

प्रशासनाच्या बाजूला काही तथ्य होते हे मान्य केले पाहिजे. उत्तर व मध्य अंदमान जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार एक लाखाहून थोडी अधिक वस्ती होती. त्यांतील रुग्णाला मोठ्या रुग्णालयात नेणे, विद्यार्थ्याने राजधानीला जाणे, शेतकऱ्याने भाजी बाजारात पाठवणे यांसाठी रस्ता जवळचा होता. त्याच जनगणनेत जारवांची संख्या ३८० होती. बहुसंख्यांच्या सोयीपुढे ३८० माणसांचे अस्तित्व हलके ठरवणे हा न्याय नव्हे, पण बंगाली निर्वासिताच्या नातवाची अडचणही खरीच आहे. यातून मार्ग काढायचा तर रहिवाशांची गरज आणि पर्यटकांची हौस या दोहोंत भेद करावा लागतो, आणि नेमका हाच भेद दीर्घकाळ केला गेला नाही.

डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतरच्या वर्षांत अंदमानचे पर्यटन वाढले, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलतीत विमानाने तेथे जाण्याची मुभा मिळाली आणि बाराटांगची फेरी सर्वांच्या कार्यक्रमात शिरली. गुहा व ज्वालामुखी हे निमित्त ठेवून ‘जारवा दिसतील’ अशी आशा दाखवून तिकिटे विकली जाऊ लागली. जानेवारी २०१२ मध्ये ब्रिटनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राने प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत जारवा स्त्रियांना खाद्यपदार्थांच्या मोबदल्यात पर्यटकांसमोर नाचायला लावल्याचे दिसले आणि देशभर संताप उसळला. त्या वर्षी १९५६ च्या विनियमात दुरुस्ती होऊन शिक्षा कडक झाल्या. २१ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या रस्त्यावर पर्यटकांना बंदी घातली, परंतु राखीव क्षेत्राभोवतीच्या संरक्षक पट्ट्याविषयी प्रशासनाने नवी अधिसूचना काढल्यावर ५ मार्च २०१३ रोजी ती उठली. पर्यटकांना या रस्त्यावर प्रत्यक्षात मज्जाव राहिला तो एवढे सहा आठवडेच.

आजची व्यवस्था अशी आहे की जिरकाटांग ते मिडल स्ट्रेट या सुमारे पन्नास किलोमीटरांच्या टप्प्यात गाड्या ठरावीक वेळांना, ताफ्यानेच, वेगमर्यादा पाळून जातात. नाक्यावर प्रवाशांची नावे व ओळखपत्रे नोंदवली जातात. वाटेत थांबणे, छायाचित्र घेणे, काच खाली करून काही देणे यांस सक्त मनाई आहे. नियम चांगले आहेत आणि पूर्वीपेक्षा पाळलेही जातात. तरीही शंभर गाड्यांची रांग रोज कोणाच्या तरी शिकारीच्या व कंदमुळांच्या रानातून जाणे हे मुळातच नियमाने निस्तरण्यासारखे नाही, कारण जारवांना रस्ता ओलांडायचा असेल तेव्हा त्यांनीच थांबायचे असते.

समुद्रमार्ग मात्र अजूनही आहे. पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे धक्क्यावरून हॅवलॉक व लाँग आयलंडमार्गे रंगतला सरकारी बोट जाते, तिचे तिकीट स्वस्त असते आणि वाटेत बेटांची ती बाजू दिसते जी ब्लेअरने पाहिली होती. रंगतच्या उत्तरेकडे रस्ता वसाहतींची भातखाचरे आणि जंगल यांमधून जातो, तेथे ताफा लागत नाही. मायाबंदरहून पुढे ऑस्टिन सामुद्रधुनीवरच्या पुलावरून दिगलीपूरला पोहोचता येते, जेथे ७३२ मीटर उंचीचे सॅडल पीक हे या द्वीपसमूहाचे सर्वोच्च शिखर चढता येते, रॉस (पोर्ट ब्लेअरजवळच्या रॉसहून वेगळे) व स्मिथ ही वाळूच्या दांड्याने जोडलेली जुळी बेटे पाहता येतात आणि हंगामात काळीपूरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेली समुद्री कासवेही दिसतात. यासाठी दोन-तीन दिवस अधिक लागतात, हवामान पाहून तारखा पुढेमागे कराव्या लागतात आणि बोटीचे तिकीट आधी मिळवावे लागते. अंदमानला जाणाऱ्या मराठी पर्यटकाने आणि त्याचा कार्यक्रम ठरवणाऱ्या सहल संस्थेने एवढी तोशीस सोसावी आणि बाराटांगचा रस्त्याने जाणारा दिवस कार्यक्रमातून वगळावा.