आशियाई पाणपक्षी गणना

आशियाई पाणपक्षी गणना ही आशिया आणि ऑस्ट्रेलेशियातील पाणथळ जागांवर दरवर्षी जानेवारी महिन्यात होणारी पक्षिगणना आहे. नदीपात्रे, धरणांचे जलाशय, गावतळी, खाजणे व समुद्रकिनारे येथे दिसणारे पाणपक्षी जातवार मोजले जातात आणि त्याच वेळी त्या जागेची स्थितीही नोंदवली जाते. मोजणी करणारे बहुतेक जण विनामोबदला काम करणारे स्वयंसेवक असतात. भारतात या उपक्रमाचे समन्वयन वेटलँड्स इंटरनॅशनलची दक्षिण आशिया शाखा आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी या संस्था करतात.

पार्श्वभूमी

हौशी निरीक्षकांनी हिवाळ्यात पक्षी मोजण्याची प्रथा जुनी आहे. नाताळात पक्ष्यांची शिकार करण्याच्या चालीला पर्याय म्हणून अमेरिकी पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी २५ डिसेंबर १९०० रोजी पहिली नाताळ पक्षिगणना घडवून आणली. तीत २७ जण सहभागी झाले होते. पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना १९६७ मध्ये सुरू झाली. तिचाच भाग म्हणून १९८७ मध्ये भारतीय उपखंडात आशियाई गणनेचा आरंभ झाला व लवकरच ती अफगाणिस्तानपासून जपानपर्यंत पसरली.

जानेवारीची निवड सोयीपुरती नाही. मध्य आशिया, तिबेट व सायबेरियाकडून आलेले पक्षी तोवर हिवाळी मुक्कामी स्थिरावलेले असतात आणि परतीचा प्रवास सुरू झालेला नसतो. त्यामुळे तोच थवा दोन ठिकाणी मोजला जाण्याची शक्यता या काळात सर्वांत कमी असते.

पद्धत

गणना सहसा सकाळी होते. मोठ्या जलाशयाचे भाग पाडून प्रत्येक भागासाठी ठरावीक निरीक्षणस्थळे नेमतात आणि शक्यतो सर्व गट एकाच वेळी मोजणी करतात. एक जण दुर्बिणीतून पाहत आकडे सांगतो, दुसरा ते लिहून घेतो. लहान थव्यातील पक्षी एकेक करून मोजता येतात. मोठ्या थव्यातील दहा, पन्नास किंवा शंभर पक्षी मोजून तेवढा समूह डोळ्यांत बसवतात आणि थव्यात असे किती समूह मावतात ते पाहतात. मोठ्या थव्यांचा अंदाज बहुधा खऱ्यापेक्षा कमीच निघतो, त्यामुळे नवख्यांना आधी सरावाला बसवणे श्रेयस्कर असते.

जात ओळखणे हा त्याहून कठीण भाग आहे. तलवार बदक आणि थापट्या यांचे नर लांबूनही ओळखू येतात, पण तपकिरी माद्या अनुभवी निरीक्षकालाही चकवतात. अशा वेळी तर्काने जात लिहिण्याऐवजी ‘न ओळखलेली बदके’ अशी नोंद करणे अपेक्षित असते. एकाच पक्ष्याची मराठी नावे जिल्ह्यागणिक बदलतात; एकाच्या यादीतला ‘वारकरी’ दुसऱ्याच्या यादीत ‘चांदवा’ असतो, म्हणून संकलनासाठी शास्त्रीय नाव प्रमाण मानतात. पाणगवतात दडणाऱ्या पाणलाव्यासारख्या पक्ष्यांची संख्या मात्र या पद्धतीने नेहमीच कमी भरते.

नांदूर मधमेश्वर

महाराष्ट्रातील ठळक गणनास्थळांमध्ये नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर अभयारण्याचा समावेश होतो. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि उथळ पाणी, बेटे व दलदल तयार झाली. सिंचनाच्या दृष्टीने जो तोटा, तो पक्ष्यांच्या पथ्यावर पडला. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी अशा काठावरच्या गावांतून गणना होते. वन विभागाचे कर्मचारी, नाशिकचे पक्षिमित्र आणि गावांतील मार्गदर्शक तीत भाग घेतात. कोणत्या पाणवठ्यावर थवे कधी उतरतात, हे गावकऱ्यांना बाहेरून आलेल्यांपेक्षा अधिक ठाऊक असते. उदाहरणार्थ, पट्टकादंब रात्री व पहाटे शेतात चरतात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात. ही वेळ चुकली तर मोठा थवा यादीतून निसटतो.

२०१९ मध्ये हे स्थळ रामसर यादीत समाविष्ट झाले. महाराष्ट्रातील ते पहिले रामसर स्थळ होय. या यादीच्या निकषांपैकी दोन थेट पाणपक्ष्यांच्या संख्येवर आधारलेले आहेत : त्या जागी नियमितपणे २०,००० किंवा अधिक पाणपक्षी असणे, किंवा एखाद्या जातीच्या अथवा उपजातीच्या एकूण संख्येपैकी किमान एक टक्का पक्षी नियमितपणे तेथे असणे. ‘नियमितपणे’ हा शब्द येथे कळीचा आहे, कारण तो सिद्ध करायला एका हिवाळ्याची नोंद पुरत नाही. सलग काही वर्षांचे आकडे लागतात आणि ते बहुतेक वेळा स्वयंसेवकांच्या वह्यांतूनच मिळतात.

आकड्यांचा अर्थ

गणनेतून पक्ष्यांची एकूण संख्या कळत नाही; तीच जागा, तोच महिना व तीच पद्धत कायम ठेवल्यास वाढ-घटीचा कल कळतो. त्यातही पावसाचा संदर्भ सोडून चालत नाही. भरपूर पावसाच्या वर्षी पक्षी असंख्य लहान तळ्यांवर विखुरतात आणि मोठ्या जलाशयावरील संख्या घटलेली दिसते. दुष्काळात लहान पाणवठे आटतात व उरलेल्या पाण्यावर गर्दी होते. म्हणजे वाढलेला आकडा कधीकधी संकटाचीच खूण असतो. नांदूर मधमेश्वरसारख्या ठिकाणी बंधाऱ्याच्या पाणीपातळीचाही प्रश्न आहे. वरच्या धरणांतून पाणी सोडले की चिखलाचे पट्टे बुडतात आणि तेथे अन्न शोधणारे तुतारीसारखे पक्षी अन्यत्र जातात. बदकांची संख्या त्याच दिवशी टिकून राहू शकते. पातळीची नोंद नसलेले आकडे पुढे वाचणाऱ्याला म्हणूनच फसवे ठरतात.

निरीक्षकांचा ओढा प्रसिद्ध जलाशयांकडे असतो, ही या उपक्रमाची जुनी उणीव आहे. पाझर तलाव व गावतळी यांची गणना क्वचितच होते. तळे बुजवण्याचा, त्यात भराव घालण्याचा किंवा सांडपाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो, तेव्हा तेथे पक्षी येत होते हे दाखवायला कागद उरत नाही. गणनेच्या तक्त्यात पक्ष्यांच्या रकान्यांबरोबर पाण्याची स्थिती आणि अतिक्रमण, मासेमारी, शिकार, प्रदूषण अशा धोक्यांसाठीही जागा असते. तळे कोरडे आढळले किंवा एकही पक्षी दिसला नाही, तरी तो तक्ता शून्य लिहून पाठवायचा असतो, कारण पाठवलाच नाही तर त्या वर्षी तेथे कोणी गेलेच नव्हते असा अर्थ होतो.