दोनशे माणसं आली कुठून?

आमच्या घरात रघुनाथराव कर्व्यांचं नाव दोन आवाजांत घेतलं जायचं. पुरुषमंडळी ओटीवर मोठ्यानं, बायका माजघरात हळू. कर्वे मुरूडचे, आम्हीही दापोलीकडचेच. त्यामुळे महर्षी अण्णा म्हणजे आपल्या मुलुखाची शान, आणि त्यांचा थोरला मुलगा म्हणजे पाहुण्यांसमोर न काढायचा विषय. आजोबा गिरगावात एका पेढीवर कारकून होते आणि ‘समाजस्वास्थ्य’ घ्यायचे. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र असायचं, म्हणून अंक ‘केसरी’त गुंडाळून घरी यायचा असं आत्या सांगते. वडील म्हणायचे, केसरी नव्हे, ‘नवाकाळ’. यावर दोघांचं शेवटपर्यंत पटलं नाही. आजीबद्दल मात्र एकमत होतं. ती अंक तांदळाच्या कोठीमागे लपवायची आणि दुपारी मंडळी पांगली की स्वतः वाचायची.

रघुनाथराव विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. संततिनियमनाचा प्रचार सोडवेना, म्हणून नोकरी सुटली. १९२७च्या जुलैत मासिक काढलं, ते मरेपर्यंत, म्हणजे १९५३पर्यंत चालवलं. आजीला त्यातली वाचकांची पत्रं आवडायची. बायकोला, बापाला, डॉक्टरला विचारता येणार नाही ते लोक कर्व्यांना विचारायचे आणि ते रोखठोक उत्तर द्यायचे. १९३४ साली अशाच उत्तरांवरून खटला झाला. प्रश्न हस्तमैथुनाचे होते, समलिंगी संबंधांचेही होते. वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. आजोबा म्हणे रजा काढून कोर्टात गेले होते. आजी म्हणायची, रजा काढली ते खरं, पण दिवसभर इराण्याकडे बसून आले. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

हे सगळं अप्पाकाकांमुळे आठवतं. वडिलांचे थोरले भाऊ. छापखान्यात कंपोझिटर होते, बोटांच्या पेरांत शिशाचा काळेपणा कायमचा बसलेला. लग्न केलं नाही. मास्तर नावाचे त्यांचे एक स्नेही दर रविवारी यायचे आणि मग दोघं मिळून घावन घालायचे. अप्पा बिड्यावर पीठ ओतायचे, मास्तर नारळाचं दूध काढायचे. फणसाच्या दिवसांत सांदणं. अप्पांच्या हातची सांदणं खाल्लेल्या माणसाला दुसरीकडची पिठूळ लागतात, हे मी अजूनही शपथेवर सांगेन. मास्तर कोण, हे घरात कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून विचारलं नाही.

पण त्याआधी, साठच्या आसपास कधीतरी, त्यांना मुंबईतल्या एका मोठ्या डॉक्टरकडे नेलं होतं. आत्या तेव्हा कॉलेजात होती, तिनं जिन्यात उभं राहून ऐकलं तेवढंच आम्हाला माहीत. हाताला तारा बांधायच्या, पुरुषांची चित्रं दाखवायची आणि बटण दाबायचं. शास्त्रीय उपचार आहे, असं डॉक्टरांनी आजोबांना सांगितलं आणि शास्त्र म्हटल्यावर आजोबा गप्प. कर्वे वाचणारा माणूस! आजीनं मात्र तिसऱ्या की चौथ्या खेपेला लेकाचा हात पाहिला आणि जाणं बंद केलं. त्या दिवशी तिनं कुळथाचं पिठलं केलं होतं, हेही आत्याला आठवतं.

त्या काळातही निराळं शास्त्र होतं, ते आमच्या जिन्यापर्यंत आलं नव्हतं एवढंच. एव्हलिन हूकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५७ साली साधी गोष्ट केली. तोवर डॉक्टरांचे निष्कर्ष दवाखान्यात नाहीतर तुरुंगात भेटलेल्या माणसांवरून काढलेले. बाई ओळखीपाळखीतून, आपापलं आयुष्य नीट जगणाऱ्या तीस समलिंगी पुरुषांकडे गेल्या. वय, शिक्षण, बुद्ध्यंक जुळणारे दुसरे तीस घेतले, चाचण्या केल्या आणि कागदांवरची ओळख काढून नामांकित तज्ज्ञांपुढे ठेवल्या. कोणता कागद कोणाचा, तज्ज्ञांना ओळखता येईना. १९७३च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. त्यासाठी आतून खटपट करणाऱ्यांत रॉबर्ट स्पिट्झर हे डॉक्टर पुढे होते. हे नाव लक्षात ठेवा.

२००१ साली आत्येच्या घरी वादळ आलं. तिच्या धाकट्या मुलानं स्वतःबद्दल घरात सांगितलं. आत्या रडली, मग उठून वरणाला फोडणी दिली. न्यू जर्सीला असलेल्या तिच्या दिरांना कळलं आणि पंधरा दिवसांत पाकिटातून कात्रण आलं: इच्छा असेल तर समलिंगी माणूस बदलू शकतो, दोनशे माणसांचा अभ्यास, करणारे डॉक्टर स्पिट्झर. तेच ते. दिरांनी लाल शाईनं खूण केली होती आणि कडेला लिहिलं होतं, ‘आता तरी वेळ घालवू नका.’

कात्रण घरभर फिरलं आणि अप्पांच्या हाती आलं. तेव्हा पंचाहत्तरीत होते. जन्मभर दुसऱ्याचा मजकूर उलटा वाचत आलेला माणूस, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “ही दोनशे माणसं आली कुठून?”

उत्तर नीट कळायला २००३ साल उजाडलं, निबंध रीतसर छापून आला तेव्हा. दोन तृतीयांश माणसं ‘बदल घडवतो’ म्हणणाऱ्या धार्मिक संस्थांनी आणि त्याच पंथाच्या उपचारकांनी पाठवलेली. बहुतेक जण आधीच जाहीरपणे त्या प्रचारात उतरलेले. प्रत्येकाशी पाऊण तास टेलिफोनवर बोलणं आणि तो सांगेल ते खरं. म्हणजे ज्याला बदललो असं सांगायचं होतं, त्याच्याकडून तसं ऐकून घेतलं. स्पिट्झरांनी स्वतः निबंधात बजावलं होतं की असा बदल बहुधा विरळा असावा. पण प्रचारकांनी ते वाक्य कापलं, आकडा ठेवला. कात्रणातही ते नव्हतं.

असे आकडे आणखी होते. पॉल कॅमेरॉन नावाच्या गृहस्थांनी समलिंगी लोकांच्या वर्तमानपत्रांतले मृत्युलेख मोजून जाहीर केलं की ही माणसं चाळिशीच्या आसपास मरतात. मोजलेले बरेचसे मृत्यू एड्सच्या साथीतले. आणि मृत्युलेख मेलेल्याचाच छापतात. जो म्हातारा घरी घावन खातोय, तो त्या हिशेबात येणार कसा? कॅमेरॉनना १९८३ सालीच अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं काढून टाकलं होतं, तरी पुढची कित्येक वर्षं त्यांचे आकडे भाषणांत फिरत राहिले. आत्येला हे सांगितलं तर ती म्हणाली, “चाळिशी? अरे, आमच्या अप्पाला ऐंशीनंतर सांदणं पचत होती.”

आणि आपल्या बाजूच्यांनीही शास्त्राला कमी राबवलं नाही. डीन हेमर यांनी १९९३ साली एक्स गुणसूत्रावर काही खूण दिसते असं म्हटलं आणि लगेच ‘गे जीन सापडला’ असे मथळे. एक्स मुलाला आईकडूनच मिळतो, एवढं आत्येच्या सासूबाईंनी कुठूनसं ऐकून ठेवलं होतं. दिरांचं कात्रण आल्यावर सासूबाईंनी ते ज्ञान बाहेर काढलं. महिनाभर आत्येच्या माहेराचा उद्धार झाला. २०१९ साली पावणेपाच लाख माणसांची जनुकं तपासल्यावर दिसलं की असा एकच जीन नाही. बारीकसारीक अनेक आहेत आणि त्यांवरून कुणा एकाबद्दल भाकीत करता येत नाही. मला विचाराल तर माणसाला सुखानं राहू देण्यासाठी जीन सापडायची वाट पाहण्याचं कारणच नव्हतं. अप्पांच्या घावनांना कुणी पुरावा मागितला नाही.

अप्पा गेले २००७ साली, मास्तर त्याच्या पुढच्या वर्षी. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा दिल्ली हायकोर्टाचा २००९चा निकाल त्यांनी ऐकला नाही, सुप्रीम कोर्टानं २०१३ साली तो फिरवला तेही नाही, आणि २०१८च्या ६ सप्टेंबरचा निकालही नाही. त्या दिवशी आत्येनं लेकाला आणि त्याच्या जोडीदाराला जेवायला बोलावलं आणि सांदणं केली. पिठूळ झाली होती. दोघांनी वाखाणून खाल्ली.

बटण दाबून माणूस बदलायचा उपचार आता आपल्याकडे डॉक्टरला करता येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ साली तो व्यावसायिक गैरवर्तन ठरवला. त्याच्या दहा वर्षं आधी, ऐंशीच्या घरातल्या, कंपवातानं थकलेल्या स्पिट्झरांनी समलिंगी लोकांची लेखी माफी मागितली होती: त्या मुलाखतींतून बदल खरा की खोटा हे ठरवता येतच नव्हतं, ज्यांनी आपल्या निबंधावर विसंबून वर्षं घालवली त्यांची क्षमा. निबंध मागे घेतलेला नाही. तो आणि माफीचं पत्र, दोन्ही एकाच नियतकालिकात आहेत. तुमच्या घरी पाकिटातून, फोनवरून, कुणा दिरांकडून निबंध आला असेल, तर पत्रही मागवून घ्या आणि ज्यांना निबंध दाखवला, त्या सगळ्यांना ते दाखवा.